काळ आला होता आणि वेळही आली होती : ८७ वर्षांच्या एका पेशंटच्या मेंदूचं शेवटचं रेकॉर्डिंग

केस २०१६ ची आहे, कॅनडातल्या व्हँकूवरची. ८७ वर्षांचे एक आजोबा पडले, डोक्याला मार लागला. हॉस्पिटलमधे आणलं तेव्हा पूर्ण शुद्धीत होते, ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी १५, पण बघता बघता तो आकडा १० वर आला. सीटी स्कॅनमधे मेंदूच्या दोन्ही बाजूंना आवरणाखाली रक्त साचलेलं दिसलं (सबड्युरल हेमॅटोमा), आणि त्या दाबाने मेंदू मधल्या रेषेपासून सरकलेला. डाव्या बाजूने कवटी उघडून रक्त काढलं. दोन दिवस तब्येत स्थिर राहिली. मग परत बिघडली, झटके येत असावेत असं वाटलं म्हणून डोक्याला ईईजी लावला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारं मशीन.

ईईजी लावला तो फिट्स पकडायला, मृत्यू पकडायला नाही, हे इथंच लक्षात ठेवा, पुढे लागणारे. डाव्या बाजूला अंग न हलवता येणारे झटके चालू होते, एकामागून एक, किमान १२ मोजले गेले. फिटची औषधं चालू केली. तरी डाव्या अर्ध्या मेंदूची ॲक्टिव्हिटी मंदावत गेली, मग दोन्ही बाजूंची, हृदयाचे ठोके बिघडले, श्वास तुटक झाला आणि हृदय थांबलं. कृत्रिमरित्या जीव परत आणायचे प्रयत्न करू नयेत असं आधीच ठरलेलं होतं, डॉक्टर घरच्यांशी बोलले आणि पुढचे उपचार केले नाहीत. आजोबा गेले. मशीन मात्र चालूच होतं, आणि त्यामुळे मृत्यूच्या आसपासची एकूण ९०० सेकंदांची नोंद हातात आली.

अशी नोंद जवळजवळ कुणाकडेच नसते. का नसते ते उघड आहे. ठणठणीत माणूस कधी मरणार हे माहीत नसतं, आणि जो मरणार हे माहीत असतं त्याच्या डोक्याला कुणी वायरी जोडत बसत नाही, जोडूही नयेत. सहा वर्षं टीममधले न्यूरोसर्जन अजमल झेमार दुसरी अशी केस मिळते का ते बघत होते. मिळाली नाही. शेवटी फेब्रुवारी २०२२ मधे एस्टोनियातल्या टार्टू युनिव्हर्सिटीचे राउल विसेंटे आणि बाकी मंडळींसोबत या एकाच पेशंटवर पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापला, आणि दुसऱ्या दिवशी जगभर बातमी : मरताना आयुष्य डोळ्यांसमोरून सरकतं, शास्त्रज्ञांनी शोधून काढलं.

मला या केसबद्दल लिहायचंय ते या बातमीमुळेच, कारण पेपर वाचला तर त्यात असं काही सापडत नाही. पेपर खोटा आहे असं अजिबात म्हणणं नाही, उलट फार मोलाची नोंद आहे. पण ती जे सांगते आणि आपण जे ऐकलं त्यात बरंच अंतर आहे.

नेमकं दिसलं काय

मेंदूतल्या विजेच्या लहरी वेगाप्रमाणे वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, डेल्टा सगळ्यात संथ, मग थीटा, अल्फा, बीटा, आणि सेकंदाला साधारण ३० पेक्षा जास्त आवर्तनं झाली की गॅमा. गॅमा लहरी लक्ष देताना दिसतात, काही बघताना दिसतात, स्वप्नात दिसतात, मुरलेल्या ध्यान करणाऱ्यांमधे दिसतात, आणि जुनं काही आठवतानाही दिसतात. बातमीचा सगळा डोलारा या शेवटच्या वाक्यावर उभा आहे.

टीमने मुख्यतः हृदय थांबायच्या आधीची ३० सेकंदं आणि नंतरची ३० सेकंदं तपासली. मेंदूच्या दोन्ही बाजू मंदावल्या तेव्हा गॅमाची ताकद खरोखर वाढली होती, म्हणजे हृदय थांबायच्या आधी. हृदय थांबल्यावर मात्र डेल्टा, अल्फा, बीटा आणि गॅमा सगळंच खाली आलं. होय, गॅमासुद्धा. वाढलं ते गॅमाचं प्रमाण, एकूण उरलेल्या विजेतला त्याचा वाटा. भरलेल्या हॉलमधून लोक उठून जायला लागले आणि कोपऱ्यातले चारजण अजून बोलतायत, तर हॉलमधल्या आवाजात त्यांचा वाटा वाढतो, म्हणून ते ओरडायला लागले असं होत नाही. बहुतेक बातम्यांमधे हे आलंच नाही. तिथं नुसतं 'मृत्यूनंतर गॅमा वाढला' एवढंच आलं आणि वाचणाऱ्याने बिचाऱ्याने काय समजायचं ते समजलं.

दुसरी गोष्ट कपलिंगची. संथ लहरीच्या चढउताराबरोबर वेगवान लहर लहानमोठी होत असेल तर त्याला लहरींचं जुळणं म्हणतात, आणि निरोगी मेंदूत विचार करताना, आठवताना ते असतं. या आजोबांच्या डाव्या मेंदूत अल्फा आणि थीटाशी गॅमा जुळलेला होता, हृदय थांबल्यावरही. हे मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण रक्तपुरवठा बंद झाल्यावर नुसता गोंधळ दिसेल अशी अपेक्षा असते आणि इथं काहीतरी शिस्त दिसतेय. पण हेही बघा की हे जुळणं तपासलेल्या सगळ्याच टप्प्यांत होतं, झटक्यांच्या मधल्या वेळातही होतं. शेवटी ते जास्त ठळक झालं एवढं खरं, मृत्यूच्या क्षणी नव्याने उगवलं असं काही नव्हतं.

आता आठवताना गॅमा दिसतो म्हणून गॅमा दिसला की माणूस आठवतोय, हे लॉजिक उलटं चालत नाही. त्याच लहरी फिटमधेही येतात. आणि हे आजोबा थोड्याच वेळापूर्वी लागोपाठ फिट्समधून गेलेले, मेंदूला सूज, रक्तस्राव, सर्जरी झालेली, वर फिटची औषधं, जी स्वतःच लहरी बदलतात. तुलनेला निरोगी असतानाचं त्यांचं रेकॉर्डिंग नाही, कसं असणार. हे सगळं लेखकांनी पेपरमधे स्वतः कबूल केलेलं आहे, झेमार यांनीही माध्यमांशी बोलताना 'कदाचित' लावलं होतं, पण तो शब्द हेडलाइनपर्यंत पोचत नाही.

अजून एक भानगड आहे स्नायूंची. डोक्याच्या कातडीवरून घेतलेल्या ईईजीत वेगवान लहरी म्हणजे बऱ्याचदा कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज असते. २००७ मधे ऑस्ट्रेलियातल्या एका टीमने हे फार धाडसाने तपासलं, जागे असलेल्या व्हॉलंटिअर्सना स्नायू पूर्ण लुळे करणारं औषध दिलं आणि मग ईईजी घेतला, तर २० हर्ट्झच्या वरचा बराचसा सिग्नल गायबच झाला. ॲनालिसिसमधे असला कचरा गाळायचे उपाय असतात पण शंभर टक्के गाळला असं कुणी छातीठोक सांगत नाही.

एकच केस आहे का मग

पूर्ण एकटी नाही. २००९ मधे अमेरिकेत सात अत्यवस्थ पेशंट्समधे मृत्यूच्या वेळी विजेची अचानक उसळी नोंदवली गेली होती, पण ती भुलीची खोली मोजणाऱ्या साध्या मॉनिटरवर, त्यामुळे तपशील फार कमी. २०१३ मधे मिशिगन युनिव्हर्सिटीच्या जिमो बोर्जिगिन यांनी नऊ उंदरांवर प्रयोग केला, भूल दिली, हृदय थांबवलं, आणि पहिल्या ३० सेकंदांत सुसंगत गॅमा इतका वाढला की जागेपणीपेक्षाही वर गेला. हे उंदीर निरोगी होते. त्यामुळे फिट होती म्हणून झालं, सूज होती म्हणून झालं हे आक्षेप तिथं लागू होत नाहीत, आणि माझ्या मते आजोबांच्या केसला खरा आधार कुठून मिळत असेल तर तो या उंदरांकडून.

मग २०२३ मधे त्याच टीमने कोमातल्या चार माणसांची नोंद छापली. वाचायची आशा संपलेली, घरच्यांच्या संमतीने व्हेंटिलेटर काढलेला. चारपैकी दोघांत ऑक्सिजन कमी होताच गॅमा उसळला, आणि तो मेंदूच्या मागच्या भागातल्या अशा पट्ट्यात जिथं जाणिवेचा संबंध असावा असं बरेच संशोधक मानतात. त्या दोघांनाही आधी कधीतरी फिट्स येऊन गेल्या होत्या, जरी शेवटच्या तासात आल्या नव्हत्या. उरलेल्या दोघांत काहीच झालं नाही.

म्हणजे मरणारा मेंदू एकदम बंद पडतोच असं नाही, कधीकधी जाता जाता भडकतो, एवढं मी तरी आता मान्य करतो. यामागे एक शक्यता अशी की ऑक्सिजन तुटल्यावर मेंदूला आवर घालणारी यंत्रणा आधी ढासळते आणि बाकीच्या पेशी थोडा वेळ मोकाट सुटतात. त्या मोकाट सुटण्याचा आतून काही अनुभव असतो का, आणि असलाच तर त्यात बालपण दिसतं का, हे ईईजीच्या रेषांत लिहिलेलं नसतं.

मग ज्यांनी आयुष्य बघितलं ते कोण

आता दुसरी बाजू घेऊ, कारण ही गोष्ट ईईजीच्या खूप आधीपासून लोक सांगत आलेत. वाऱ्याच्या वेगाची बोफर्ट स्केल ज्यांच्या नावाने आहे ते फ्रान्सिस बोफर्ट तरुणपणी पोर्ट्समाउथ बंदरात बुडता बुडता वाचले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी एका पत्रात लिहिलं की आधी धडपड, मग एकदम शांत वाटलं, आणि मग आयुष्यातले प्रसंग उलट्या क्रमाने, ताज्याकडून जुन्याकडे, बारीकसारीक तपशिलांसकट येत गेले. स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम १८७१ मधे आल्प्समधे कड्यावरून पडले. हवेत असताना त्यांनी बरंच काही केलं, चष्मा काढून टाकावा का, खाली आपटल्यावर सोबत्यांना काय ओरडून सांगायचं, नव्या नोकरीतलं पहिलं लेक्चर आता होणार नाही, हे सगळं विचार करून झालं आणि मग भूतकाळ चित्रांसारखा समोर आला, म्हणे लांबच्या स्टेजवर चालू आहे आणि त्यात मुख्य पात्र आपणच. त्यांनी नंतर वर्षानुवर्षं पडून वाचलेल्या लोकांचे अनुभव गोळा केले आणि १८९२ मधे छापले. भीती आणि दुखणं फारसं कुणाला जाणवलेलं नव्हतं.

हे किस्से मला खोटे वाटत नाहीत. पण जरा थांबून बघा, कड्यावरून खाली येणाऱ्या हाइमच्या मेंदूला काय झालं होतं? काहीही नाही! हृदय धडधडत होतं, ऑक्सिजन भरपूर होता, पेशी ठणठणीत. आयुष्य दिसलं ते आपटण्याच्या आधी. म्हणजे हाइमच्या अनुभवाला मरणाऱ्या मेंदूची थिअरी लावायची गरजच पडत नाही, तिथं 'आता मेलो' ही खात्री पुरेशी होती. याउलट व्हँकूवरच्या आजोबांना आपण मरतोय हे कळत असण्याची शक्यता जवळजवळ शून्य, पण मेंदू मात्र खरोखर मरत होता.

आपल्याकडे म्हणतात ना, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. गोष्ट सांगणारे सगळे या गटातले. बोफर्ट, हाइम, अपघातातून सहीसलामत बाहेर पडलेले. आणि ज्यांचा ईईजी आपल्याकडे आहे त्यांची वेळही आलेली, ते सांगायला परत आले नाहीत. बातमीने काय केलं तर एका गटाचा अनुभव उचलला, दुसऱ्या गटाच्या लहरी उचलल्या आणि दोन्ही एकत्र शिवून टाकलं. या केसमधली माझी मुख्य तक्रार हीच आहे.

मधला एक गट आहे, ज्यांचं हृदय खरंच थांबलं आणि परत चालू केलं गेलं. त्यांचा सगळ्यात मोठा सुरुवातीचा अभ्यास नेदरलँड्समधला, पिम व्हॅन लोमेल यांचा, २००१ मधे लॅन्सेटमधे आलेला. १० हॉस्पिटल्स, हृदय बंद पडून वाचलेले ३४४ पेशंट्स. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्के, काहीतरी अनुभव आल्याचं सांगितलं, आणि त्या ६२ पैकी आयुष्य डोळ्यांसमोरून गेल्याचं सांगणारे फक्त ८. ३४४ मधून ८. 'मरताना सगळ्यांना दिसतं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. अर्थात नाही सांगितलं म्हणजे नाहीच दिसलं असंही होत नाही, मेंदूला मार बसलेल्या अवस्थेत आठवण पक्की होतेच कुठे, स्वप्नं नाही का उठल्यावर विसरतो आपण. आणि ज्या ८ जणांनी सांगितलं त्यांचं हृदय बंद असतानाच ते दिसलं का, की थांबायच्या आधी किंवा शुद्धीवर येताना, हेही ठरवता येत नाही. हृदय थांबल्यावर १० सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते, त्यामुळे मधे फट फार थोडी आहे.

बरं, दिसतं ते कसं? आपल्या डोक्यात असतं की जन्मापासून आत्तापर्यंत ओळीने. २०१७ मधे जेरुसलेमच्या संशोधकांनी असे अनुभव आलेल्यांशी सविस्तर बोलून बघितलं तर ओळीने क्रम क्वचितच निघाला, बऱ्याच जणांना पुढचंमागचं एकत्रच, काळाचं भानच नाही, आणि काहींना तर त्या प्रसंगातल्या दुसऱ्या माणसाला काय वाटलं तेही जाणवलं. कुणाला शाळेतली एक क्षुल्लक दुपार दिसते, कुणाला मुलांचे चेहरे. 'आयुष्य' हा शब्द इथं जरा सैलच वापरला जातो.

वेळ ताणली जाते त्याचं काय, हा प्रश्न लगेच येतो, कारण दोन सेकंदांत इतकं सगळं मावतं कसं. २००७ मधे डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना ३१ मीटर उंचीवरून पाठीवर, मोकळं, खाली जाळीत पाडलं. मनगटावर एक डिस्प्ले बांधला होता ज्यात आकडे इतक्या झपाट्याने बदलत होते की एरवी वाचता येत नाहीत. मेंदूचा स्पीड खरंच वाढत असता तर पडताना ते वाचता आले असते. आले नाहीत. पण नंतर विचारलं तर स्वतःचं पडणं दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं असं लोकांनी सांगितलं. म्हणजे वेळ ताणली गेली ती आठवणीत. हाइम आणि बोफर्ट यांच्या गोष्टींना हे लावून बघा, त्यातला किती भाग हवेत किंवा पाण्यात घडला आणि किती नंतर आठवताना भरला गेला, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी की मेंदूकडे ही सोय आहे. मॉन्ट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड फिटच्या पेशंट्सना जागं ठेवून ऑपरेशन करायचे, आणि कानाजवळच्या टेम्पोरल भागाला बारीक करंट दिला की काहींना जुना प्रसंग जिवंत व्हायचा, आवाज यायचे, गाणं ऐकू यायचं. थोड्याच जणांना, सगळ्यांना नाही. पण तिथं पेशंट जागा होता आणि बोलत होता, करंट इथं दिला आणि त्याला हे दिसलं अशी जोडी लागत होती. आजोबांच्या केसमधे नेमकी तीच जोडी नाही. लागोपाठ फिट्स झालेल्या मेंदूत टेम्पोरल भाग पेटून एखादी आठवण उठलीही असेल, पण तसं असेल तर त्याचं श्रेय फिटला, मृत्यूला नाही.

घरच्यांना काय सांगायचं

पेपर आल्यावर झेमार यांच्या बोलण्यातून असंही आलं की डोळे मिटून निघालेल्या आपल्या माणसाच्या मेंदूत कदाचित चांगले क्षण परत चालू असतील, तेवढाच घरच्यांना दिलासा. भावना मी समजू शकतो, आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाला काहीतरी धरायला हवं असतं. पण 'चांगले' क्षण हे कुठून आलं? गॅमाला चांगलं वाईट कळत नाही. तेवढ्याच आधारावर कुणी म्हणेल की आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र चालू असेल, तर त्यालाही खोडता येणार नाही. मला विचाराल तर घरच्यांना एवढंच सांगावं की हृदय थांबल्यावर काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि जे या उंबरठ्यावरून परत आले त्यातल्या ज्यांना काही आठवतं ते बहुतेक जण शांत वाटल्याचं सांगतात. यात ताणून सांगितलेलं काही नाही आणि दिलासाही पुरेसा आहे.

अवयवदानाचा मुद्दाही या केसवरून निघाला, की हृदय थांबल्यावरही मेंदूत हालचाल असेल तर माणूस गेला असं कधी धरायचं. प्रश्न रास्त आहे पण घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही. हृदय थांबल्यावर अवयव घेण्याआधी बहुतेक देशांत २ ते ५ मिनिटं हात न लावता थांबतात, आणि इथली बोलण्यासारखी ॲक्टिव्हिटी हृदय थांबल्यानंतरच्या ३० सेकंदांतली आहे. कुणी दानाचा फॉर्म भरला असेल आणि ही बातमी वाचून मागे घ्यायचा विचार करत असेल तर या पेपरमधे त्यासाठी कारण नाही.

उलगडा व्हायचा असेल तर केस कशी हवी तेही सांगतो. फिट्सचा इतिहास नसलेला माणूस, डोक्याला आधीपासून ईईजी, स्नायूंचा सिग्नल वेगळा मोजलेला, हृदय थांबलं, गॅमा उसळला, आणि डॉक्टरांनी त्याला परत आणला. मग त्याला, कुणी काही सुचवायच्या आत, विचारायचं की काय आठवतंय. त्याने 'काहीच नाही' म्हटलं तरी ते छापायचं. हार्ट अरेस्टमधून वाचलेल्यांचे अनुभव आणि सीपीआर चालू असतानाचा ईईजी दोन्ही गोळा करणारा सॅम पार्निया यांचा अभ्यास २०२३ मधे आला, त्यात ५६७ अरेस्टमधून जगले ५३ आणि मुलाखत देण्याइतके सावरले २८. त्या २८ पैकी ११ जणांना काहीतरी आठवत होतं.